घरात खिडक्या उघड्या ठेवता का? नाशिककरांनो जरा सांगा

पाथर्डीफाटा_चौथामजला:
नमस्कार मंडळी, आम्ही नुकतंच पाथर्डी फाट्याला फ्लॅटमध्ये राहायला आलोय, चौथा मजला, बाल्कनीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो. मला उठल्या उठल्या सगळ्या खिडक्या उघडायची सवय आहे, रात्रभर कोंडलेला तो पांघरुणांचा उबट वास निघून जातो आणि गार हवा अंगावर येते ना, तेव्हा कुठे मला सकाळ झाल्यासारखी वाटते. पहिला चहा मी खिडकीत उभी राहूनच घेते. पण घरात या मताची मी एकटीच. मिस्टर म्हणतात धूळ येते, सासूबाई म्हणतात डास येतात, मुलाला तर बारा महिने एसी हवा. शिवाय हॉलमध्ये छान वारा येतो पण बेडरूममध्ये खिडकी सताड उघडी ठेवली तरी पडदासुद्धा हलत नाही, असं का होतं? आणि तुम्ही कोणत्या वेळी उघडता, किती वेळ ठेवता, सगळं सांगा प्लीज.

कॉलेजरोडकर:
ताई, वाऱ्याला आत यायला वाट लागते तशी बाहेर पडायलाही लागते. बेडरूमला एकच खिडकी आणि दार लावलेलं, मग हवा येणार कशी, आत जागाच नाही तिला. बेडरूमचं दार उघडं ठेवा, ते आपटू नये म्हणून खाली काहीतरी अडकवा, आणि त्याच वेळी घराच्या दुसऱ्या टोकाची खिडकी उघडा, किचनची असेल तर उत्तमच. मग एक उदबत्ती लावून दारात धरा, धूर कुठे ओढला जातोय ते बघा, लगेच कळेल वाट कुठे अडतेय. दुसरं म्हणजे दोन ट्रॅकची स्लायडिंग कितीही सरकवली तरी अर्धीच उघडते, बिल्डर लोक सर्रास तीच बसवतात. जुन्या पद्धतीची झडपांची खिडकी पूर्ण उघडते, पुढेमागे काम काढाल तेव्हा निदान बेडरूमला तरी ती करून घ्या असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मुलाला एक सांगा, साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून फिरवत राहतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण 420 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग असतो, बंद खोलीत दोन माणसं रात्रभर झोपली की तो हजाराच्या वर सहज जातो. सकाळी उठून डोकं जड वाटतं त्यात याचाही वाटा असू शकतो. एसी लावायचाच तर झोपायच्या आधी एकदा खोलीची हवा बदलून घ्या, आणि उठल्यावर पुन्हा.

पंचवटीची_लेक:
वरच्या दादांनी सांगितलं ते आमच्या वाड्यात न सांगता होत होतं! माझं माहेर पंचवटीतलं. मधे चौक, चारी बाजूंनी खोल्या, गरम हवा चौकातून वर निघून जायची आणि गल्लीकडच्या खिडक्यांतून गार हवा आत ओढली जायची, मे महिन्यात पण माजघरात गारवा. खिडक्या पार जमिनीलगत, लाकडी गज, खाली बसलं तरी तोंडावर वारा. आजी तिथेच बसून मेथी निवडायची, पाटावर पसरलेली पानं वाऱ्याने सरकायची आणि ती एका हाताने ती अडवत दुसऱ्या हाताने निवडत राहायची. आता खिडकी कमरेच्या वर असते, जमिनीवर बसलेल्या माणसाला वारा लागतच नाही. आम्ही फ्लॅटमध्ये खिडकीला लागून उंच दिवाण टाकलाय, घरातली सगळ्यात आवडती जागा झालीये ती, पाहुणेसुद्धा सोफा सोडून तिथे बसतात.

सातपूर_अंबड:
मिस्टरांचं म्हणणं अगदीच चूक नाही हं. आम्ही एमआयडीसीजवळ राहतो, खाली मोठा रस्ता, दिवसभर उघडं ठेवलं तर संध्याकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. म्हणून वेळ बघून उघडायचं. थंडीत पहाटे उघडू नका, गार हवा जमिनीलगत बसलेली असते, वर उबदार हवेचं झाकण, त्यामुळे शेकोट्यांचा, गाड्यांचा धूर खालीच अडकून राहतो. ऊन वर आलं, दहा वाजले की मग खुशाल उघडा. उन्हाळ्यात बरोबर उलटं, सकाळी नऊपर्यंत उघडं, मग पडदे ओढून बंद, दुपारी चाळिशीच्या आसपास पारा असताना उघडून फक्त झळा आत येतात. पण आपल्या नाशकात रात्री पारा उतरतो, संध्याकाळी पश्चिमेकडून वारा सुटला की सगळं उघडायचं, अंथरुणात पडल्या पडल्या त्या वाऱ्याने डोळा लागतो ते सुख एसीत नाही म्हणजे नाही.

डासांचं म्हणाल तर नुसतं तिन्हीसांजेला खिडक्या लावून भागत नाही, डेंग्यूचा डास दिवसा चावतो. जाळी बसवा, विषय संपला. बंद खोलीत कॉइल लावून झोपणं मात्र नको, तो सगळा धूर आपल्याच छातीत.

देवळालीकॅम्प:
आमच्या देवळालीत तर लोक मुंबईहून खास हवेसाठी यायचे, पारशी लोकांची सॅनिटोरियम त्यासाठीच बांधलेली, त्यामुळे हवा बदलणे हा इथे जुना उपचार आहे 🙂 पण मला एक गंभीर गोष्ट सांगायचीये. थंडी सुरू झाली की गॅस गीझर चालू होतात आणि गार वारा नको म्हणून लोक बाथरूमची छोटी खिडकी लावून घेतात, कोणी तर कायमचा पुठ्ठा ठोकतात. कृपा करून असं करू नका. जळायला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आधी डोकं दुखतं, चक्कर येते आणि माणूस कडी काढायच्या आत कोसळतो. गीझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या जागी हवा आणि खिडकी उघडी हवी, कितीही हुडहुडी भरली तरी. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर आजच बघून घ्या.

पाथर्डीफाटा_चौथामजला:
किती छान सांगितलंत सगळ्यांनी! उदबत्ती धरून बघितली, बेडरूमचं दार आणि किचनची खिडकी दोन्ही उघडल्यावर धूर सरळ किचनकडे ओढला गेला, पडदा चक्क फुगला, सासूबाई पण बघायला आल्या. गीझर बाथरूममध्येच आहे, तो बाहेर काढायला प्लंबरला बोलावलंय. आता जाळीचं सांगा, चिकटपट्टीची लावू की तिसऱ्या ट्रॅकवर सरकणारी करून घेऊ?

सातपूर_अंबड:
सरकणारीच करा, पैसे थोडे जास्त जातील. चिकटपट्टीची जाळी धुवायला काढली की पट्टी सैल होते, आणि जाळी धुवावी तर लागतेच, तिच्यात धूळ भरली की वारा निम्माही आत येत नाही.