५६०० की ५६००एक्स : त्या पट्ट्यांच्या आलेखाला लांबलचक उत्तर

घिसाडी

काल एकाने साधा प्रश्न विचारला होता, एएमडीचा प्रोसेसर रायझन ५ ५६०० घेऊ की ५६००एक्स. त्यावर 'उधळलेला_घोडा' यांनी दोन पट्ट्यांचा आलेख डकवला आणि खाली एक ओळ लिहिली, "फरक डोळ्यांनी दिसतोय, एक्सच घ्या, नंतर रडू नका." सव्वीस अंगठे पडले त्याला. मी तिथेच चार शब्द लिहायला बसलो होतो, ते आवरेनात म्हणून हा वेगळा धागा.

त्या आलेखाची खालची रेघ कुणी पाहिली का? ती शून्यावर नाहीये. ५६००चा कमाल बूस्ट, म्हणजे जोर लावला की गाठता येणारा वरचा वेग, ४.४ गिगाहर्ट्झ, ५६००एक्सचा ४.६. आलेख ४.२ पासून सुरू केला की एक पट्टी दुसरीच्या दुप्पट दिसणारच. तोच शून्यापासून काढा, दोन पट्ट्या वेगळ्या आहेत हे कळायला फूटपट्टी लागेल. साडेचार टक्के. आणि तेही डब्यावरच्या आकड्यांतले.

बाकी वेगळं काय आहे सांगा ना. दोन्ही झेन ३ या एकाच पिढीचे. सहा कोअर, बारा थ्रेड, ३२ एमबी एल३ (चिपमधली जलद मेमरी), टीडीपी, म्हणजे डब्यावरचा उष्णतेचा आकडा, ६५ वॅट. डब्यात कूलरसुद्धा तोच, रेथ स्टेल्थ. एक्स नोव्हेंबर २०२० मध्ये आला, बिनएक्स एप्रिल २०२२ मध्ये. सगळे कोअर एकदम जुंपले की दोघंही ७६ वॅटच्या हद्दीला (प्रत्यक्ष वीज ओढायची मर्यादा, टीडीपीहून वेगळी) जाऊन टेकतात, आणि तिथे डब्यावरच्या ४.६ला कुणी विचारत नाही.

माझा ५६००, भावाचा ५६००एक्स. त्याचा उसना आणून एकाच बोर्डावर, एकाच कूलरखाली आलटूनपालटून बसवला. सिनेबेंच आर२३ हे प्रोसेसर मोजायचं बेंचमार्क, पूर्ण दहा मिनिटांचं, प्रत्येकी पाच वेळा. कूलरखालची पेस्ट पुसून पुसून बोटं करडी झाली. मल्टीकोअरमध्ये दोघांतला फरक अडीच टक्क्यांच्या आत. गंमत पुढे आहे. एकट्या ५६००च्या पाच रनांमध्ये सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा यांत दीड टक्का अंतर होतं. दुपारी खोली तापली होती, बस्स. सिंगल कोअरला एक्स चार टक्के पुढे गेला, तेवढं त्याला देऊन टाकतो.

म्हणून म्हणतो, त्या बिचाऱ्याला घाबरवू नका. जो स्वस्त मिळेल तो घेऊ दे.

उधळलेला_घोडा

माझ्या नावाने धागा, धन्य झालो. आलेख मी काढला नव्हता, एका व्हिडिओतून उचलला होता. रेघेचं मान्य. पण रेघ चुकीची म्हणून मुद्दा चुकीचा होत नाही.

एक, बिनिंग. एक्ससाठी वरची सिलिकॉन निवडतात. त्याच ७६ वॅटमध्ये ती थोडी जास्त क्लॉक, म्हणजे वेग, काढते. तुमचेच अडीच टक्के त्याचा पुरावा आहेत. दोन, गेममध्ये सिंगल थ्रेडलाच किंमत आहे, आणि तिथे चार टक्के तुम्हीच देऊन बसलात. मी जुन्या चार कोअरवरून एक्सवर आलो, मशीन अक्षरशः उडायला लागलं. हे सिनेबेंचमध्ये दिसत नाही, बसणाऱ्याला कळतं.

घिसाडी

चार कोअरवरून ५६००वर आला असतात तरी तेवढंच उडालं असतं, घोडेराव. गाढवावरून उतरलात तो आनंद आहे, काठेवाडी की मारवाडी हा प्रश्न नंतरचा.

कंपाइलवाली

टक्क्यांऐवजी सेकंदात बोलूया का? माझा प्रोजेक्ट सुरुवातीपासून बांधायला, म्हणजे सगळा कोड कंपाइल व्हायला, सहा मिनिटं घेतो. क्लॉकचे साडेचार टक्के पूर्णच्या पूर्ण पदरात पडले, जे कधीच पडत नाहीत, तरी सोळा सेकंद वाचतात.

त्याच मशीनवर गेल्या वर्षी मी वैतागून टास्क मॅनेजर उघडून बसले होते. बिल्ड चालू, आणि वरून दुसऱ्या ओळीत अँटिव्हायरस. प्रत्येक ऑब्जेक्ट फाईल तयार झाली की हा दारात उभा राहून तिची झडती घेणार. हजारो फाईली. बिल्डचा फोल्डर त्याच्या यादीतून वगळला आणि दीड मिनिट कमी झालं. दीड मिनिट! प्रोसेसरला हातसुद्धा न लावता. त्याच आठवड्यात मी नवा प्रोसेसर कार्टमध्ये टाकून ठेवला होता, हे कुणाला सांगू नका.

जुनाट_खोड

आधी एक विनंती. वर घोडेराव 'मशीन' म्हणाले म्हणून वाचले, पण मूळ प्रश्नकर्त्याने लिहिलंय, "माझा सीपीयू टेबलाखाली असतो." अहो, टेबलाखाली असते ती पेटी. कॅबिनेट म्हणा, डबा म्हणा. सीपीयू तुमच्या तळहाताच्या निम्म्यात मावतो. वीस वर्षं मी हे सांगतोय आणि वीस वर्षं लोक मला सीपीयूवर धूळ बसली म्हणून सांगतात.

आता बेंचमार्कबद्दल. मला हा प्रकारच पटत नाही. २०१८ मध्ये इंटेलने नवव्या पिढीचा कोअर आय९, म्हणजे ९९००के, आणताना प्रिन्सिपल्ड टेक्नॉलॉजीजकडून गेमच्या चाचण्या करून घेतल्या. समोर रायझन ७ २७००एक्स. त्याला 'गेम मोड'मध्ये चालवला, आणि त्या मोडमध्ये आठातले चार कोअर बंद होतात! ओरड झाली तेव्हा पुन्हा मोजलं. एका खुणेवर टिचकी, निम्मा प्रोसेसर गायब. अशा आकड्यांवर तुम्ही अडीच की चार टक्के म्हणून भांडताय.

घिसाडी

ती गोष्ट बेंचमार्कच्या विरुद्ध नाही खोडसाहेब, न सांगता केलेल्या सेटिंगच्या विरुद्ध आहे. पकडलं गेलं ते दुसऱ्यांनी मोजलं म्हणूनच ना? पेटीबद्दल मात्र शंभर टक्के तुमच्या बाजूने.

शून्य_आवाज

गेमवाल्यांसाठी. ग्राफिक्स कार्ड ९८ टक्के कामात असेल तर प्रोसेसर वाट बघत बसलेला असतो, कुठला का असेना. परीक्षण करणारे महागातलं महाग कार्ड लावून १०८०पी या कमी रिझोल्यूशनवर मोजतात ते मुद्दाम, प्रोसेसरमधला फरक उघडा पडावा म्हणून. पद्धत बरोबर आहे, पण ते तुमचं घर नव्हे. ६० हर्ट्झचा मॉनिटर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद देतो. दोन्ही प्रोसेसर त्याच्या कितीतरी आधी हात झटकून मोकळे. राहिला तो डब्यातल्या कूलरचा पंखा, तो दोघांचाही सारखाच केकाटतो, त्यावर कुणी धागा काढत नाही.

रिकामा_स्लॉट

लोक ५६०० आणि ५६००एक्सवर रक्त आटवतात आणि रॅम कुठल्या वेगाने चालते ते कधी बघत नाहीत.

माझी कहाणी. ५६०० नवीन जोडला. आकडे सगळीकडे इतरांपेक्षा कमी. मी दोन आठवडे प्रोसेसरला शिव्या घातल्या, "बिनएक्स आहे, म्हणजे गाळसाळच" असं मित्राला लिहूनही कळवलं. मग एका रात्री सहज बायोसमध्ये गेलो. पहिल्याच पानावर, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत : डीडीआर४-२४००. रॅमच्या काड्यांवरच्या स्टिकरवर ३२००. एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी, प्रोफाईल बंद! ती बंदच येते, आपण चालू करायची असते. केली. ज्या गेममध्ये मी 'गाळसाळ' म्हणत होतो, तिथल्या त्या खटकणाऱ्या उचक्याच गेल्या. झेन ३ला रॅमचा वेग भावतो, कारण चिपचे भाग जोडणारं आतलं इन्फिनिटी फॅब्रिक मेमरीच्या क्लॉकशी बांधलेलं असतं. एक्स आणि बिनएक्सच्या फरकापेक्षा हा फरक मोठा होता, शपथेवर सांगतो.

जुनाट_खोड

एक्सएमपी म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, ठरलेल्यापेक्षा जास्त पळवणं. तुलना करायची तर दोन्ही जसे येतात तसे चालवा. एकाला टॉनिक पाजून शर्यतीत उतरवायचं, याला तुलना म्हणत नाहीत.

रिकामा_स्लॉट

ओव्हरक्लॉकिंग? या प्रोसेसरची अधिकृत मेमरी मर्यादाच डीडीआर४-३२०० आहे. ३२०० हा जेडेकच्या, म्हणजे मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या, डीडीआर४ मानकातला वेग आहे, मी घरी शिजवलेला नाही. आणि दोघांनाही तेच टॉनिक पाजायचंय, एकाला नाही.

जुनाट_खोड

जेडेकचं ३२०० हे १.२ व्होल्टवर. तुमच्या काड्यांची प्रोफाईल किती व्होल्ट मागते ते वाचा. बहुतेक १.३५ असेल. म्हणजे मानकाच्या बाहेर. ओव्हरक्लॉकिंगने बिघडलं तर वॉरंटी नाही, हे कंपन्याच लिहितात, बारीक अक्षरांत. ती बारीक अक्षरं मात्र तुम्हाला रात्री दिसत नाहीत.

रिकामा_स्लॉट

वाचलं. १.३५. बरं, तुमचं खरं, शब्दार्थाने ओव्हरक्लॉकिंग. आता मला सांगा, स्टिकरवर ३२०० छापून विकायचं, आणि ग्राहकाने ३२००वर चालवलं की "तुमच्या जबाबदारीवर हं" म्हणायचं, ही लबाडी कुणाची? माझी? तुमचं मशीन २१३३वर रांगत असेल आणि तुम्ही त्याला तत्त्व म्हणत असाल तर आनंद आहे.

जुनाट_खोड

माझं मशीन सात वर्षं एकदाही निळ्या पडद्यावर गेलेलं नाही. तुमच्या उचक्या गेल्या, माझ्या मुळात नव्हत्या. आणि भाषा जरा सांभाळा.

कंपाइलवाली

दोघंही बरोबर आहात आणि दोघंही असह्य आहात. खोडकाका, प्रोफाईल लावल्यावर एक रात्रभर मेमटेस्ट८६, म्हणजे रॅमच्या चुका शोधणारा प्रोग्राम, चालवायचा. एकही चूक निघाली तर वेग एक पायरी खाली. माझ्याकडे निघाली होती, सातव्या चाचणीत, पहाटे चारला. ३६०० सोडलं, ३२००वर बसले, संपलं.

जुनाट_खोड

ही पहिली शहाणी सूचना. 'काका' टाळलंत तर दुसरी.

घिसाडी

धागा कुठे होता, कुठे गेला. तरी नोंदवतो : माझ्या वरच्या चाचण्या ३२००वर, प्रोफाईल चालू, दोन्हींना तीच. हे मी सुरुवातीला लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. दुसऱ्याच्या आलेखाची रेघ तपासत बसलो.

उधळलेला_घोडा

हेच! दुसऱ्याचं कुसळ.

बरं, तुमच्यामुळे मीही तपासलं आणि डोकं फिरलंय. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ड्रॅम फ्रिक्वेन्सी १५९६ दाखवतंय. काड्या ३२००च्या आहेत. म्हणजे मी दोन वर्षं निम्म्या वेगावर चालवतोय?

रिकामा_स्लॉट

दुप्पट करा. डीडीआरमधला पहिला डी म्हणजे डबल. १५९६ म्हणजे ३२००च. पाणी प्या.

उधळलेला_घोडा

प्यालो. म्हणजे माझं सगळं व्यवस्थित आहे आणि एक्सही वेगवान आहे. विषय मिटला.

शून्य_आवाज

मिटवायच्या आधी त्याच पानावर 'चॅनेल'च्या पुढे काय लिहिलंय ते वाचा. आणि झाकण उघडून सांगा, काड्या कुठल्या स्लॉटमध्ये आहेत.

उधळलेला_घोडा

'सिंगल' लिहिलंय. पण काड्या दोन आहेत हो, आठ-आठच्या. प्रोसेसरला लागून पहिल्या दोन स्लॉटमध्ये, एकमेकींना चिकटून. टास्क मॅनेजरही म्हणतो चारपैकी दोन स्लॉट वापरात. दोन काड्या म्हणजे ड्युअलच ना?

शून्य_आवाज

नाही. चार स्लॉटच्या बोर्डावर शेजारचे दोन बहुधा एकाच चॅनेलचे असतात. काड्या हव्यात प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असतं. आता दोन्ही काड्या एकाच दारातून जा-ये करतायत, दुसरं दार दोन वर्षं बंद. बँडविड्थ निम्मी.

रिकामा_स्लॉट

मी काही बोलत नाही.

घिसाडी

मी बोलतो. चार टक्क्यांसाठी नंतर रडू नका म्हणणारा माणूस दोन वर्षं…

उधळलेला_घोडा

बोलू नका. झाकण काढलंय.

जुनाट_खोड

आधी प्लग काढा. आणि पेटीच्या पत्र्याला हात लावून घ्या. आणि तिला सीपीयू म्हणू नका.

कंपाइलवाली

मूळ प्रश्नकर्त्याने काल रात्रीच बिनएक्स मागवला, असं त्याच्या धाग्यावर दिसतंय. फक्त कुणीतरी त्याला सांगा, ५६००जी चुकून आलेला नाही ना बघ. नावं सारखी, पण त्यात एल३ निम्मा, १६ एमबी, आणि पीसीआयई ३, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या जोडणीची जुनी पिढी. एका अक्षराने फरक पडतो तो तिथे, एक्समध्ये नव्हे.

घिसाडी

वा, हा खरा वेगळा धागा. पुढे ५६००जीटी आणि ५६००एक्सथ्रीडीपण आहेत. थ्रीडीवाल्यात ९६ एमबी एल३, गेममध्ये तो या सगळ्यांना धुतो, क्लॉक एक्सपेक्षा कमी असूनसुद्धा. नाव ठेवणाऱ्या माणसाला एकदा भेटायचंय.

उधळलेला_घोडा

हलवली. एक काडी दुसऱ्यात, एक चौथ्यात. पहिल्यांदा चालूच झालं नाही, काडी नीट बसली नव्हती, कट् असा आवाज यायला हवा होता तो आला नव्हता. दुसऱ्यांदा झालं. 'ड्युअल' लिहून येतंय. तोच गेम, तोच रस्ता, तीच चक्कर मारली.

शून्य_आवाज

मग? आकडा टाका.

उधळलेला_घोडा

नाही टाकणार.