उत्तर: ‘प्रायमर’मधली पेटी नेमकी चालते कशी?

भाऊ, ‘प्रायमर’ या सिनेमातली पेटी म्हणजे काळात मागं नेणारं यंत्र. "पेटीत शिरला की माणूस पाहिजे त्या दिवशी निघते" असं तुम्ही तिच्याबद्दल लिहिलं, तिथंच घोळ झाला. पेटी ज्या क्षणी चालू झाली, त्याच्या मागं जाताच येत नाही.

समजा, सकाळी 8:30 ला बटण दाबलं. टायमर 15 मिनिटांचा, म्हणजे पेटी सुरू 8:45 ला. आपल्या शेतातल्या मोटरच्या ऑटो स्टार्टरला असतो तसाच उशीर, पण इथं कारण वेगळं: बाहेर निघणारा ‘दुसरा मी’ समोर यायच्या आत पहिल्यानं तिथून निघून जावं. मग दिवसभर हॉटेलात दार लावून बसायचं, शेअरचे भाव तेवढे टिपायचे. 2:45 ला आत शिरायचं अन् 6 तास आतच पडून राहायचं. निघाल तेव्हा पुन्हा 8:45. हिंगणघाटचा संध्याकाळचा कापसाचा भाव सकाळीच खिशात, असं समजा.

जितकं मागं, तितकंच आत बसणं. फुकट काहीच नाही. कानातून रक्त, बिघडलेलं अक्षर, ही त्याचीच किंमत.

पेटी बनवणारे दोघं मित्र, एब अन् ॲरन. एब भित्रा; काही बिघडलं तर अगदी सुरुवातीला परतता यावं म्हणून तो आधीच एक जादा पेटी गुपचूप चालू ठेवतो. ॲरनला ती सापडते. पेट्या घडी होतात, एकीत दुसरी नेता येते; शेवटचा सारा गुंता इथून.

2004 चा, सुमारे 7,000 डॉलरमधला, 77 मिनिटांचा सिनेमा. वाचनालयात दाखवणार असाल तर सबटायटल लावाच, पात्रं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात.