महिना होऊन गेला, घशाची खरखर जाऊनच नाही राहिली

मानेवाडा_ताई
नमस्कार, घशाचं विचारायचं होतं. दिवाळीनंतर सर्दी-ताप झाला होता, ताप तर लवकर उतरला पण घसा काही मोकळा होऊन नाही राहिला, आता महिना उलटून गेला. सकाळी उठल्यावर काहीतरी अडकल्यासारखं वाटते, सारखं खाकरावं लागते, दुपारी जरा बरं अन् संध्याकाळपर्यंत आवाज पूर्ण बसते. मी शाळेत शिकवते अन् घरी आल्यावर ट्युशन, म्हणजे बोलणं बंद ठेवणं शक्यच नाही. फॅमिली डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिन दिली, मग दुसरी भारी अँटिबायोटिक दिली, तरी तेच. ताप नाही, गिळताना फार दुखते असंही नाही. गुळण्या, हळदीचं दूध, ज्येष्ठमध सगळं चालू आहे. जाऊबाई म्हणते इन्फेक्शन मुरलं असेल, अजून एक कोर्स घे. खरंच मुरते का असं? बीपीची गोळी चालू आहे, शुगर नाही.

औषधवाला_दादा
ताई, पहिले बीपीच्या गोळीचं नाव पाहा. रामिप्रिल, एनालाप्रिल असं शेवटी 'प्रिल' असलेलं काही आहे का? त्या गोळ्यांनी काही लोकांना कोरडा खोकला अन् घशात सारखी खवखव होते, अन् गोळी सुरू केल्यावर कधीकधी काही महिन्यांनी सुरू होते म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही. पण गोळी मनानं बंद करू नका हं, डॉक्टरला सांगा, ते बदलून देतात. बदलल्यावरही खवखव जायला काही आठवडे लागू शकतात.

इतवारीकर
ताई, अद्रक, काळे मिरे, लिंबू टाकून कडक काढा घ्या दिवसातून तीनदा, रात्री झोपताना तर नक्कीच. आमच्या घरी सगळ्यांचा घसा यानंच बरा होते.

घसा_तपासणी
मी कान-नाक-घसा विभागात काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. मोठ्या माणसाचा घसा दुखला तर दहातल्या साधारण नऊ जणांना व्हायरसचाच त्रास असतो, त्याच्यावर अझिथ्रोमायसिन काहीच करत नाही आणि तो बहुतेक वेळा आठवडाभरात आपोआप जातो. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूचा घसा वेगळा, तो जास्त करून ५ ते १५ वर्षांच्या मुलांना होतो, एकदम ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, गळ्यात दुखऱ्या गाठी, आणि खोकला-सर्दी नसते. तिथे मात्र पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनचा १० दिवसांचा कोर्स पूर्ण करावाच लागतो, कारण अर्धवट सोडला तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. ताई, तुम्ही सांगता त्यात यातलं काहीच नाही. त्यामुळे तिसरा कोर्स कृपा करून घेऊ नका.

महिनाभर रेंगाळणाऱ्या घशाचं कारण बरेचदा घशात नसतंच. एक तर नाक, ॲलर्जीमुळे मागच्या मागे शेंब घशात उतरत राहतो. दुसरं पोट, आम्ल वर घशापर्यंत येतं, आणि यात छातीत जळजळ व्हायलाच पाहिजे असं नाही, स्वरयंत्राची त्वचा इतकी नाजूक असते की थोडंसं आम्लही पुरतं. सकाळी जास्त त्रास, अडकल्यासारखं वाटणं, खाकरणं, हे त्याच्याकडे बोट दाखवतं. तिसरं तुमचा आवाज. तुम्ही रात्री जेवता किती वाजता?

मानेवाडा_ताई
गोळी टेल्मिसार्टन आहे दादा, प्रिल नाही. अन् जेवण विचारलं तर ट्युशन, मग स्वयंपाक, साडेदहा-अकरा होतातच, जेवली की लगेच आडवी होते. शिंकाही येतात सकाळी, पण नाक वाहत नाही.

घसा_तपासणी
मग आधी जेवण आणि झोपण्यात ३ तासांचं अंतर ठेवा. शाळेतून आल्यावर पोटभर खा आणि रात्री नुसतं वरण-भात किंचित. उश्या रचू नका, त्यानं मान वाकते आणि पोट दाबतं, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा. रात्रीचं तर्री-झणझणीत बंद. इतवारीकर काका, राग मानू नका, काढ्यानं सर्दीत बरं वाटतं, पण आम्लाचा त्रास असताना झोपण्याआधी लिंबू-मिरं म्हणजे चुलीत आणखी लाकूड. पुदिन्याच्या गोळ्याही चघळू नका, त्यानं अन्ननलिकेचं तोंड सैल पडतं. आणि खाकरणं थांबवा ताई, प्रत्येक खाकरण्यानं स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, इच्छा झाली की पाण्याचा घोट घ्या. वर्गात कुजबुजूही नका, त्यानंही ताण पडतो, छोटा माईक लावा.

पण हे करता करता दाखवूनही घ्या. आवाज ३ आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर नाकातून बारीक नळी टाकून स्वरयंत्र पाहणं गरजेचंच असतं, काही मिनिटांचं काम आहे, नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत होतं. एकाच बाजूला दुखणं, कानात कळ, मानेत गाठ, घास अडकणं, थुंकीत रक्त, वजन उतरणं, यातलं एकही असेल तर आठवडाही थांबू नका. तोंड उघडेनासं झालं, लाळही गिळता येईना किंवा श्वास लागला तर रात्र असो की दिवस, त्याच वेळी दवाखाना.

गोधनी_रोड
डॉक्टरसाहेब, मधातच विचारतो. लहान भाऊ खर्रा (सुपारी-तंबाखू घोटलेला) खाते, कॉलेजपासून. घसा खवखवते म्हणते अन् तिखट लागलं की तोंडाची आग होते. हे पण पोटाचंच असन का?

घसा_तपासणी
नाही भाऊ, हे वेगळं आहे. त्याला आरशासमोर उभं करून तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगा. जातात का?

गोधनी_रोड
दोनच जाऊन राहिले. जबडा ताणला तरी तिसरं जात नाही.

घसा_तपासणी
मग याच आठवड्यात न्या. सुपारीनं तोंडाच्या आतली त्वचा आखडत जाते, आखडलेलं पूर्ण परत सैल होत नाही आणि काही जणांत पुढे कॅन्सर होतो, पण आत्ता थांबलं तर बरंच वाचवता येतं. मेडिकलच्या परिसरात शासकीय डेंटल कॉलेज आहे, तिथे दाखवा. आणि तंबाखू काढून नुसती सुपारी खातो असं म्हणाला तर ऐकू नका, त्वचा सुपारीनंच आखडते.