मदत हवी आहे: सेव्ह करताना वीज गेली आणि फाइल ० बाइटची झाली

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या कीर्तनवह्या टंकून ठेवण्याचं काम चालू आहे. त्यासाठी पायथनमधला एक छोटा एडिटर आहे. आधीच्या एका स्वयंसेवकाने तो लिहिला होता, आता मी सांभाळतो. मशीनवर उबंटू (लिनक्स) आणि ईएक्सटी४ ही फाइलसिस्टम (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) आहे, यूपीएस नाही, आणि पावसाळ्यात विजेचा काही भरवसा नसतो. गेल्या आठवड्यात नेमकी सेव्ह करताना वीज गेली. मशीन पुन्हा चालू केलं तर फाइल जागेवर, नाव तेच, आकार ० बाइट. एका आजींनी अख्खी वही टंकली होती, ती गेली. त्यांना हे सांगणं फार जड गेलं.

कारण सापडलंय. एडिटर तीच फाइल ‘डब्ल्यू’ मोडमध्ये उघडतो, त्यामुळे उघडताक्षणी जुना मजकूर कापला जातो आणि नवा नंतर लिहिला जातो. म्हणून मी टेंपफाइल (तात्पुरती फाइल बनवणारं पायथनचं मॉड्यूल) वापरून आधी नव्या फाइलमध्ये लिहायचं आणि मग ओएस.रिप्लेसने (म्हणजे रिनेम करून) तिला जुन्या नावावर आणायचं, असं करून पाहिलं. तर आता दुसराच घोळ: दुपारच्या पाळीत वेगळ्या लॉगिनने बसणाऱ्या ताईंना फाइलच उघडत नाही. परवानगी ०६६० (मालक आणि ग्रुप दोघांना) होती, ती ०६०० (फक्त मालकाला) झाली.

परवानगीचं काय करू? आणि रिनेम अखंड होतो म्हणतात, मग एफसिंक (मजकूर डिस्कवर उतरवायला लावणारी आज्ञा) खरंच लागतं का?

प्रतिसाद

लागतं. रिनेम अखंड असतो म्हणजे त्या नावाखाली जुनी फाइल दिसेल किंवा नवी, अर्धवट काही दिसणार नाही. पण नव्या फाइलमधला मजकूर डिस्कवर पोचला आहे, याची हमी त्यात नाही. ईएक्सटी४वर २००९ साली यावरूनच मोठा वाद झाला होता. रिनेमची नोंद डिस्कवर जायची, मजकूर रॅममध्येच राहायचा, आणि मशीन बंद पडलं की रिकामी फाइल हाती यायची. लिनक्स २.६.३० पासून त्यावर तोडगा आहे, पण तो त्या फाइलसिस्टमपुरता. वह्या उद्या पेनड्राइव्हवर गेल्या तर उपयोग नाही.

तेव्हा तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये करा. /टीएमपी वेगळ्या फाइलसिस्टमवर असू शकतं, आणि तसं असेल तर तिथून रिनेम होतच नाही. लिहून झालं की फ्लश (पायथनजवळ थांबलेला मजकूर ऑपरेटिंग सिस्टमकडे सोपवणं), मग एफसिंक, मग रिनेम, आणि शेवटी फोल्डरवरही एफसिंक. एफसिंकने चूक दाखवली तर रिनेम करू नका. तेच एफसिंक पुन्हा मारून ‘जमलं’ असंही समजू नका: लिनक्सवर दुसऱ्या वेळी ते बिनतक्रार यशस्वी होऊ शकतं, मजकूर डिस्कवर नसतानाही. पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांना २०१८ मध्ये हाच प्रश्न भोवला. जुनी फाइल तशीच ठेवा आणि सगळा मजकूर नव्या फाइलमध्ये पहिल्यापासून लिहा.

परवानगीचं म्हणाल तर टेंपफाइल सुरक्षेसाठी मुद्दाम ०६००च देतं. रिनेमच्या आधी जुन्या फाइलची परवानगी आणि ग्रुप दोन्ही नव्या फाइलला लावा. फक्त कॉपीमोड वापरलंत तर ग्रुप राहून जाईल. सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) असेल तर आधी रिअलपाथने खरी जागा काढा, नाहीतर लिंकच्या जागी साधी फाइल बसेल. हार्डलिंक (त्याच फाइलचं दुसरं नाव) मात्र या पद्धतीत तुटतेच. विम या एडिटरमध्ये ‘बॅकअपकॉपी’ हे सेटिंग ऑटोवर असतं ते यासाठीच: लिंक दिसली की तो आधी प्रत काढून ठेवतो आणि मग मूळ फाइलमध्येच लिहितो.

धागाकर्ता

खूप आभार! हार्डलिंक आमच्याकडे नाहीत, बाकी सगळं आजच बदलतो. तपासायचं कसं? सेव्ह चालू असताना प्रोसेस मारून पाहिली तर पुरे का?

प्रतिसाद

नाही. प्रोसेस मेली तरी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) आपल्याजवळचा मजकूर डिस्कवर उतरवतोच, त्यामुळे एफसिंक नसलेला कोडही पास होईल. व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) एडिटर चालवा आणि सेव्ह होत असताना ते मशीन सक्तीने बंद करा, शटडाउन नको. मग चालू करून फाइल उघडा.