मदत हवी आहे: टूरिंगची जड बाईक रोज ठाणे ते महापे चालवावी का?

नमस्कार मंडळी,

लिहू की नको करत आठ दिवस काढले, कारण प्रश्न जरा लाजिरवाणा आहे. गेल्या मंगळवारी सकाळी सव्वाआठला सोसायटीच्या उतारावर मी गाडीसकट आडवा झालो. गाडी बंद, वेग शून्य. समोर स्कूलबसची वाट बघणारी पोरं आणि त्यांच्या आया. वॉचमन आणि इस्त्रीवाला धावत आले म्हणून निभावलं. लेगगार्ड वाकला, ब्रेकचा लिव्हर तुटला, माझा उजवा घोटा अजून सुजलेला आहे.

तर वय ४६, उंची पाच फूट सहा इंच, राहायला कासारवडवली, नोकरी महापे. दोन वर्षांपूर्वी साडेसहाशे सीसीची ट्विन सिलिंडर क्रूझर (बुटक्या सीटची, लांब पल्ल्याला आरामशीर अशी जड बाईक) घेतली. (कंपनी मुद्दाम लिहीत नाही, धागा दहाव्या प्रतिसादाला ब्रँडच्या भांडणात जातो हा इथला अनुभव आहे.) टाकी भरलेली असली की वजन २४० किलोच्या आसपास. घेतली ती कोकण आणि माळशेजसाठी, आणि त्या कामाला तिला तोड नाही. रोजच्यासाठी जुनी स्कूटर होती. जूनमध्ये लेकीचं कॉलेज सुरू झालं आणि स्कूटर तिच्याकडे गेली. तेव्हापासून कोथिंबिरीपासून ऑफिसपर्यंत सगळं या हत्तीवरून.

रोजचा रस्ता म्हणजे घोडबंदर रोड, कापूरबावडी, माजिवडा, कळव्याचा पूल, विटावा, दिघा आणि मग ठाणे-बेलापूर रोड. एका बाजूचे पंचवीसेक किलोमीटर. गंमत अशी की चालवायचा त्रास फारसा नाहीच. दिघा सुटलं की वरच्या गिअरमध्ये गाडी अशी शांत चालते की आपण ऑफिसला निघालोय हे विसरायला होतं. त्रास आहे तो दोन्ही टोकांच्या शेवटच्या वीस मीटरचा. आमच्या सोसायटीत दुचाकीची जागा उताराच्या तळाशी आहे. रात्री दमून आलो की तोंड भिंतीकडे करून गाडी लावतो, आणि सकाळी तीच गाडी चढावर मागे ओढायची. त्यात शेजारी कुणीतरी स्कूटर तिरकी लावलेली असते, हँडललॉक करून. मंगळवारी तेच झालं. उजवा पाय ओल्या पेव्हर ब्लॉकवरून सरकला, गाडी थोडी झुकली आणि एका विशिष्ट कोनानंतर ती माझी राहिली नाही.

बाकी कुरकुर म्हणजे कापूरबावडीच्या गर्दीत इंजिन तापतं आणि मांडी भाजते. क्लच दाबून डाव्या हाताला संध्याकाळी कळ लागते. लांबच्या रस्त्यावर २५ देणारी गाडी इथे १८ वर येते. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलेलं असलं की खाली काय आहे कळत नाही, आणि पाय टेकायची वेळ आली तर काय, या विचारानेच घाम फुटतो.

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला पार्किंग लागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

जड गाडी भर पावसाळ्यातही रोज वापरणारं इथे कुणी आहे का? सवयीने हे जमतं, की वयाप्रमाणे मुकाट्याने दुसरी स्कूटर घ्यावी? 'विकून टाका' हा सल्ला घरातून रोज दोनदा मिळतो, तेवढा सोडून बाकी सगळे चालतील.

— घोडबंदरचा_वाटसरू

जुना_स्पार्कप्लग:
आधी घोट्याचा एक्सरे काढा, मग गाडीचं बघू.

थांबता थांबता पडण्यात लाज कसली, जड गाडी बाळगणारे बहुतेक सगळे असेच पडलेत. वेग असला की गाडी आपला तोल बऱ्याच अंशी आपणच सावरते. चालण्याच्या वेगाला ती मदत जवळजवळ संपते आणि सगळा तोल तुमच्या पायावर येतो. दोन सवयी लावून घ्या. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक कधीही दाबू नका, गाडी तिथल्या तिथे त्या बाजूला लोळते. आणि अगदी हळू जायचं तेव्हा हाफ क्लच, किंचित रेस आणि मागच्या ब्रेकवर हलका पाय, तिन्ही एकत्र. रविवारी सकाळी सहाला रिकामी जागा बघून इंग्रजी आठचा आकडा काढत बसा. महिनाभरात फरक जाणवेल.

पडलीच तर पुढून वाकून उचलू नका, कंबर जाईल. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवा, म्हणजे उचलल्यावर पलीकडे जाणार नाही. गिअरमध्ये टाका. मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकून खाली बसा, एका हातात हँडलची मूठ, दुसऱ्यात मागचा दांडा, आणि छोटी पावलं टाकत मागे रेटा. ताकद मांड्यांची लावायची, पाठीची नाही.

ऐरोलीची_स्वारी:
मी पाच फूट तीन इंच, हिमालयन ४५० रोज चालवते, ऐरोली ते वाशी. कागदावर ती १९६ किलो आणि तुमच्यासारखीच साडेसहाशेची क्रूझर असलेली सुपर मिटिऑर २४१ किलो. पण हिमालयनची सीट ८२५ मिमीवर आणि मिटिऑरची ७४० वर. म्हणजे मिटिऑरचं वजन जास्त असूनही तुमच्या उंचीला दोन्ही तळवे जमिनीला टेकतात. माझे पंजेच टेकतात. तुमची क्रूझर आहे म्हणजे सीट बुटकीच असणार. तेव्हा दोष वजनापेक्षा तुमच्या लावण्याच्या पद्धतीत आहे, राग मानू नका.

रात्री आल्यावर उताराच्या वरच गाडी वळवा आणि मागचं चाक भिंतीकडे करून, इंजिन बंद करून, पहिल्या गिअरमध्ये ठेवून क्लचने सोडत मागे उतरवा. क्लच सोडला की मागचं चाक अडतं, तोच तुमचा ब्रेक. सकाळी सेल्फ मारायचा आणि सरळ वर. दमलेलं असताना दोन मिनिटं जास्त लागतील, पण सकाळी घाईत काही ओढावं लागणार नाही. आणि घोटा झाकणारे, रबरी तळव्याचे बूट घ्या. ऑफिसच्या गुळगुळीत चामडी बुटांवर २४० किलो तोलताय का काका तुम्ही?

बिनगिअरचा:
होंडा गोल्डविंग घ्या. तिला रिव्हर्स असतो. वजन अजून सव्वाशे-दीडशे किलोने जास्त, पण निदान ओढावी तरी लागणार नाही :)

बाकी मला एक कळत नाही. एवढी मोठी गाडी घ्यायची, आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, अटल सेतूवरही बंदी. दोन्ही रस्ते आपल्या दाराशी, आणि तुम्ही विटाव्याच्या पाण्यात.

कळव्याचा_मिस्त्री:
गॅरेज चालवतो म्हणून सांगतो. ऑफिसला न्या, खुशाल न्या. पण भाजीला नेऊ नका. दोन किलोमीटरच्या फेरीत ऑइल नीट तापत नाही, आतली वाफ आतच राहते आणि ऑइल लवकर खराब होतं. सेल्फने जेवढी बॅटरी खाल्ली तेवढी परत भरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या गाड्यांत निम्म्या तरी बॅटरी उतरलेल्याच असतात.

तापण्याचं म्हणाल तर हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वारा लागतो, ऑइल कूलरलाही. उभ्या गाडीला वारा कुठून मिळणार? सिग्नल मिनिटाच्या वरचा दिसला की बंद करा. क्लचची केबल एकदा साफ करून ऑइल सोडून घ्या, फ्री प्ले (लिव्हरचा ढिलेपणा) तपासा. हाताची निम्मी कळ तिथेच असते. पावसात चेनला ५०० किलोमीटरची वाट बघू नका, भिजली की त्याच रात्री पुसून स्प्रे मारा. विटावा तुंबल्याचं कळलं तर कोपरीवरून मुलुंड-ऐरोली पुलाने जा. लांब पडेल, पण पाण्याखालचा खड्डा मी रोज दुरुस्त करतो, माझं ऐका.

घोडबंदरचा_वाटसरू:
सगळ्यांचे आभार. एक्सरे काढला, हाड शाबूत आहे.

ऐरोलीची_स्वारी, बुटांचं तुम्ही नेमकं पकडलंत, चामड्याचेच होते. 'काका' मात्र लागलं. काल रात्री तुम्ही सांगितलं तशी उलटी लावून बघितली. पहिल्यांदा क्लच एकदम सोडला, जोराचा झटका बसला. तिसऱ्या वेळी जमली. वॉचमन बाजूला उभा होता, हात पुढे धरून, लहान मूल पहिल्यांदा चालताना धरतात तसा.

मिस्त्री, भाजीसाठी लेकीकडे संध्याकाळी एक तास स्कूटर मागितली. पेट्रोल मी भरायचं, या अटीवर मिळाली आहे. क्लचसाठी शनिवारी येतो, कळवा नाक्यापासून कुठे ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आता एकच राहिलं. शेजारच्या तिरक्या स्कूटरचं काय करायचं? सेक्रेटरींना दोनदा सांगून झालंय. स्कूटर त्यांच्याच मेव्हण्याची आहे.