मदत हवी आहे: फ्री किकला भिंत लावायची कशी आणि गोलीने उभं राहायचं कुठे?

वाडीचा_गोली:
नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीच्या टीमचा मी गोली. चालू खेळात आम्ही तसे बरे आहोत, मागे दोघं धिप्पाड आहेत त्यामुळे सरळ घुसणारा माणूस सहसा आत येत नाही, पण मग तो डीच्या, म्हणजे पेनल्टी बॉक्सच्या, तोंडावर पाडला जातो आणि तिथून फ्री किक, आणि फ्री किक म्हणजे आमच्याकडे अर्धा गोल झाल्यातच जमा. गोल खाल्ला की निकाल ठरलेला. भिंतीवरून, म्हणजे बॉलसमोर ओळीने उभ्या केलेल्या आमच्या चौघांवरून, गेला तर "तू काय बघत होतास", माझ्या बाजूने आला तर "ती तर तुझीच साइड", आणि भिंतीखालून सुर्रकन गेला तर "उडी मारू नका म्हणून ओरडायचंस ना". भिंतीतले चौघं कायम निर्दोष.

सध्याची पद्धत अशी की मी जवळच्या पोस्टला चिकटतो, एक डोळा मिटून बॉलची लाइन बघतो आणि "डावीकडे, डावीकडे" ओरडतो. निम्म्यांची तोंडं माझ्याकडे, निम्म्यांची बॉलकडे, त्यामुळे दोघं इकडे सरकतात, दोघं तिकडे, आणि मधे भगदाड. तेवढ्यात शिट्टी होते आणि मी अजून पोस्टलाच.

ग्राउंडच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला रस्ता. दुपारनंतर खारा वारा खाडीकडून आडवा सुटतो. माती जांभ्याची, एक सर पडली की बॉल टप्पा घेऊन उसळत नाही, घसरतो.

तर भिंतीत किती जण, त्यांनी उडी मारायची की नाही आणि मी नक्की कुठे राहायचं, हे कोणी नीट सांगेल का? यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून झाले, तिथे सगळे सहा फुटी आणि ग्राउंड गालिच्यासारखं.

मालवणचो_झील:
आधी ह्या सांग, तू पोस्टाक चिकटलंस काय गोल कोण राखता? समोरचो तेवढ्यात मारून मोकळो!

जुना_स्टॉपर:
वरचा झील हसत हसत मुद्द्याचं बोललाय. भिंत लावणं हे गोलीचं काम असलं तरी पोस्टला जाऊन लाइन बघणं त्यानेच केलं पाहिजे असं काही नाही. तुमचा एखादा फॉरवर्ड बॉलच्या मागे जाऊन गोलकडे तोंड करून उभा करा, त्याला बॉल, भिंत आणि पोस्ट एका रेषेत दिसतात. तो हाताने भिंत सरकवेल, मग शिट्टीआधी बाजूला होईल. तू मधे मोकळा राहा आणि बॉलवरची नजर काढू नको.

आणि डावं-उजवं पहिलं बंद कर. "खाडीकडे एक पाऊल", "रस्त्याकडे अर्धं पाऊल" असं ओरड. तोंड कुठेही असो, खाडी काही जागा बदलत नाही. दुसऱ्या ग्राउंडवर गेलात की मॅचआधी तिथल्या दोन खुणा ठरवून घ्या, देऊळ म्हणा, माड म्हणा.

आता किती जण ते. थोडं गणित करतो, कंटाळू नको. गोल ७.३२ मीटर रुंद. बॉल समोर २० मीटरवर असेल आणि भिंत बॉलपासून नियमाच्या ९.१५ मीटरवर, तर भिंतीतला एक माणूस, खांद्याची रुंदी अर्धा मीटर धर, गोललाइनवर साधारण १.१ मीटर झाकतो. चौघं मिळून ४.४ मीटर. राहिलेला भाग तुझा. म्हणून समोरून असेल तर चार, फार जवळ असेल तर पाच, कोनात गेला की तीन, अगदी साइडलाइनकडे असेल तर एक किंवा दोन पुरतात. पाच-सहा लावले की बरं वाटतं खरं, पण मग मागे समोरच्यांच्या माणसांना धरायला (मार्किंगला) माणसं कमी पडतात आणि तुला बॉलच दिसत नाही.

हे दिसणं फार महत्त्वाचं आहे बाबा. ताशी ९० किलोमीटरचा फटका २० मीटर ०.८ सेकंदात येतो. भिंतीपर्यंत पोचायलाच त्याला ०.३७ लागतात. तू भिंतीच्या मागे असलास आणि बॉल डोक्यांवरून वर आल्यावरच तुला दिसला, तर हातात राहिले ०.४३, त्यातले ०.२ तर नुसतं कळण्यात जातात. म्हणून भिंतीने जवळचा पोस्ट झाकायचा आणि तू मधल्यापेक्षा जरासा लांबच्या पोस्टकडे, जिथून बॉल आणि मारणाऱ्याचा पाय दोन्ही दिसतात तिथे. जरासा म्हणजे अर्धं-एक पाऊल. पूर्ण त्या बाजूला गेलास की भिंतीवरून वळून येणाऱ्या बॉलला पोचणार नाहीस. आणि मारायच्या आधी भिंतीच्या बाजूला झुकायचं नाही, बरेच गोली इथेच फसतात, भिंतीवरून येणार असं मनाशी ठरवून एक पाऊल टाकतात आणि बॉल मोकळ्या बाजूने येतो. मग टीमवाले "तुझीच साइड" म्हणतात आणि तेव्हा ते बरोबर असतात.

भिंतीतला बाहेरच्या टोकाचा माणूस कुठे ते मारणाऱ्याच्या पायावर ठरतं. उजव्या पायाच्या आतल्या बाजूने मारलेला बॉल मारणाऱ्याच्या उजवीकडून डावीकडे वळतो. म्हणजे किक त्याच्या उजव्या अंगाला असेल तर तो भिंतीच्या बाहेरून काढून आत वळवू शकतो. एप्रिल २०२५ मध्ये आर्सेनलच्या डेक्लन राइसने रिअल माद्रिदला पहिला गोल असाच मारला, भिंतीच्या बाहेरून, आणि गोलमध्ये कूर्तुआसारखा नावाजलेला गोली होता. तिथे भिंतीतला शेवटचा माणूस पोस्टच्या लाइनच्या बाहेर एक अंगभर हवा. डाव्या अंगाला डावखुरा असेल तर तसंच उलट. तुमचा वारा आणि बॉलचं वळण एकाच दिशेला असेल तर अजून अर्धं पाऊल बाहेर.

वाडीचा_गोली:
दादा, खूप खूप धन्यवाद. खाडी-रस्ता प्रकरण उद्याच सांगतो सगळ्यांना. उडीचं राहिलं पण. आमचे दोघं उडतात, दोघं पाठ फिरवून डोकं झाकतात.

जुना_स्टॉपर:
पाठ फिरवणाऱ्याला भिंतीत घेऊच नका, तो माणूस नाही भोक आहे. हात पुढे धरा, बॉल लागेल तो लागेल. उडायचं तर सगळ्यांनी एकदम, बॉल पायाला लागल्यावर, आणि सरळ वर, पुढे नाही. खालून जायची भीती खरी आहे, बार्सिलोनाच्या रोनाल्डिन्होने डिसेंबर २००६ मध्ये वेर्डर ब्रेमेनला उडालेल्या भिंतीच्या पायाखालून गोल मारला होता. त्यावर आता बरेच जण भिंतीमागे एक जण आडवा झोपवतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंटरच्या ब्रोझोविचने बार्सिलोनाच्या सुआरेझची किक अशी आडवं पडून अडवली, तेव्हापासून हे जास्त दिसायला लागलं. तुमच्याकडे झोपायला माणूस नसेल तर उडूच नका, नुसतं टाचा उचलून उभे राहा. ओल्या मातीत खालून सरपटणारा बॉल जास्त धोक्याचा, वरून अचूक घालणारे आपल्याकडे कितीसे आहेत.

रेफ्री_काका:
नियमाच्या बाजूने थोडं. भिंत अजून लागली नाही म्हणून किक थांबत नाही. फ्री किक घेणाऱ्याने भिंत ९.१५ मीटर मागे न्यायला सांगितलं किंवा रेफ्रीने "शिट्टीनंतर" अशी खूण केली तरच थांबायचं, नाहीतर तो लगेच मारू शकतो. ३ मार्च २०२३ आठवतंय का, आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) नॉकआउटमध्ये बंगळुरूच्या छेत्रीने जादा वेळेत केरला ब्लास्टर्सची भिंत लागायच्या आधीच मारली आणि गोल, केरळची टीम मैदान सोडून निघून गेली. गोल कायम राहिला. तेव्हा फाउल झाला रे झाला की आधी बॉल आणि आपला गोल यांच्यामधे एक माणूस, बाकीचं नंतर. मात्र त्याने मुद्दाम किक अडवली तर पिवळं कार्ड.

समोरच्यांची माणसं तुमच्या भिंतीत घुसतात का? भिंत तीन किंवा जास्त जणांची असेल तर त्यांनी एक मीटर लांब राहायचं, २०१९ पासून नियम आहे. रेफ्रीला शांतपणे सांगा, ओरडू नका.

आणि रेफ्रीचा हात वर असेल तर किक इनडायरेक्ट. कुणालाही न लागता बॉल थेट आत गेला तर गोल नाही, गोल किक. तुझ्या बोटाला लागून गेला तर मात्र गोल. हात बघायची सवय लावून घे.

वाडीचा_गोली:
हे इनडायरेक्टचं आमच्या अर्ध्या टीमला माहीत नसणार. शेवटचं एकच विचारतो. साइडलाइनकडून डीत टाकलेली किक, गर्दी असते, कोणालाच लागत नाही आणि थेट आत जाते. तिथे मी काय करू?

जुना_स्टॉपर:
तिथे भिंत एक किंवा दोन, बाकी सगळ्यांची लाइन डीच्या कडेला, मागे मागे येऊ देऊ नको, आले की तुझी जागाच ते खातात. तू लाइनवरून दोन-तीन पावलं पुढे, अंग मोकळं. पोचण्यासारखा असेल तर नाव घेऊन बाहेर ये, "माझा" असं एकदाच, मोठ्याने. नसेल तर लगेच मागे आणि कोणी डोकं लावणार नाही असं धरून बॉलकडेच बघ, माणसांकडे नाही. ओला बॉल पकडायच्या नादाला लागू नको, साइडला ढकल. आणि भिंतीतल्यांना सांग, बॉल मारला की वळून गोलकडे धावायचं, हातातून सुटलेला दुसरा बॉल त्यांचा आहे.

मालवणचो_झील:
सगळा बरोबर. पण चिखलात आडवो कोण झोपतलो?

वाडीचा_गोली:
कॅप्टनचा धाकटा भाऊ तयार झालाय. आई ओरडली तर जबाबदारी कॅप्टनची, असं ठरलंय.