प्रोग्रॅमिंग भाषेचं नाव शब्दकोशातून उचलू नये

अर्धविराम

आम्ही चौघं मिळून एक छोटी भाषा लिहितोय. पार्सर (कोड वाचून त्याची फोड करणारा भाग) उभा राहिलाय, टाइप तपासणी (आकडा, मजकूर वगैरे प्रकार जुळतात का ते बघणं) अर्धीमुर्धी चालते, आणि सध्या सगळं काम बाजूला ठेवून नावावर वाद चालू आहेत. तिघांना 'फ्लो' हवंय. डेटा एका टप्प्यातून दुसऱ्यात जातो, म्हणून फ्लो. माझा एकट्याचा विरोध आहे, तो इथे मांडतो. झोडपायला मोकळीक आहे.

फ्लो नावाचा जावास्क्रिप्टचा टाइप-चेकर आहे, फ्लो नावाची ब्लॉकचेनही आहे. ही दोन नसती तरी मी विरोधच केला असता. कारण फ्लोमधली एरर इंटरनेटवर शोधायला जाणाऱ्याला आधी डेटा फ्लो, कंट्रोल फ्लो आणि वर्कफ्लो भेटणार. नव्या भाषेकडे पुस्तकं नसतात, शिकवण्या नसतात, शेजारच्या टेबलावर विचारायला कुणी नसतं. अडलेला माणूस एरर शोधतो, आणि काही सापडलं नाही की भाषा सोडून देतो. बिचारा तक्रारही करत नाही, त्यामुळे तो गेला हे आपल्याला कळतही नाही.

'गो'चं उदाहरण घ्या. गूगलने नोव्हेंबर २००९ मध्ये भाषा जाहीर केली, नाव ठेवलं इंग्रजीतलं अगदी रोजचं क्रियापद. 'गो डॉट ऑर्ग' हा पत्ता काही मिळाला नाही, म्हणून संकेतस्थळ 'गोलँग' (गो अधिक लँग्वेज) नावाने उघडलं. भाषेची मंडळी आजही सांगतात की नाव फक्त 'गो' आहे, आणि लोक आजही 'गोलँग' म्हणतात. शोधता येईल असं नाव वापरणाऱ्यांनीच तयार करून घेतलं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच: नाव शोधलं की तीच भाषा निघाली पाहिजे. त्याला अर्थ नसला तरी बिघडत नाही.

जुना_टर्मिनल

साफ असहमत.

पायथन, जावा, रुबी, रस्ट, स्विफ्ट. सगळे शब्दकोशातले शब्द. गुइडो व्हॅन रॉसम यांनी पायथन हे नाव 'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस' या विनोदी कार्यक्रमावरून घेतलं, सापाचा त्यात काही संबंध नव्हता. साप नंतर लोगोत येऊन बसला, तेही कुणाला खटकलं नाही. आज नुसतं 'पायथन' शोधा आणि बघा किती खाली गेल्यावर साप भेटतो.

त्याहून पुढे जा. बीसीपीएल या जुन्या भाषेतून केन थॉम्पसन यांची 'बी' आली, बीमधून डेनिस रिची यांची 'सी' आली. एक अक्षर! तुमच्या निकषावर सी पहिल्या फेरीतच बाद. भाषा दमदार असली की शब्द तिच्या नावावर होतो. कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) लिहा, नाव आपोआप मोठं होईल.

अर्धविराम

तुम्ही वाचलेल्यांची यादी देताय, बुडालेल्यांची कोण देणार? सी १९७०च्या दशकातली, तेव्हा शोधायचं ते मॅन्युअलच्या सूचीत. पायथन १९९१ची, जावा १९९५ची. त्यांची गर्दी जमली तेव्हा मैदान मोकळं होतं. स्विफ्टमागे ॲपल होती, रस्टला सुरुवातीच्या काळात मोझिलाचा आधार होता. आम्ही चौघं आहोत, त्यातला एक रजेवर आहे.

आणि रस्टचंही सगळं सुरळीत नाही. रस्ट नावाचा लोकप्रिय व्हिडिओ गेम आहे. गेमचे खेळाडू भाषेच्या चर्चागटात येऊन तळ कसा बांधायचा ते विचारतात, हा तिथला जुना विनोद आहे. मोठ्यांना असे विनोद परवडतात.

गळकी_मेमरी

तुम्ही दोघं शोधण्यावरच अडकलात. नावाचा खरा त्रास वकिलांकडून येतो.

जावाचं आधीचं नाव 'ओक'. जेम्स गॉस्लिंग यांच्या कार्यालयाबाहेर ओकचं झाड होतं, त्यावरून. पण ओक टेक्नॉलॉजी नावाची कंपनी आधीपासून होती, म्हणून नाव बदलावं लागलं. जावास्क्रिप्टची कथा याहून सुरस. आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि डिसेंबर १९९५ मध्ये ब्राउझरवाली नेटस्केप आणि जावावाली सन मायक्रोसिस्टम्स या कंपन्यांनी मिळून जावास्क्रिप्ट म्हणून जाहीर केली, कारण त्या वर्षी जावाचा बोलबाला होता. ट्रेडमार्क सनकडे राहिला. १९९७ मध्ये प्रमाणित आवृत्ती आली तेव्हा हे नाव वापरता येईना, म्हणून 'एक्मास्क्रिप्ट' हे अवजड नाव जन्माला आलं. भाषेचे जनक ब्रेंडन आइक यांनीच म्हटलंय की ते एखाद्या त्वचारोगासारखं वाटतं. सन विकत घेतल्यावर ट्रेडमार्क ओरॅकलकडे गेला, आणि तो रद्द व्हावा म्हणून २०२४ मध्ये डेनो या जावास्क्रिप्ट चालवायचं साधन बनवणाऱ्या कंपनीने अमेरिकेत रीतसर अर्ज केला. भाषा घडवायची एकाने, नावाची मालकी दुसऱ्याची, आणि वापरतंय सगळं जग.

शब्दकोशातला शब्द म्हणजे कुणीतरी आधीच नोंदवलेला असण्याची शक्यता जास्त. या कारणासाठी अर्धविराम यांना +१. शोधण्याच्या कारणासाठी नाही.

शून्यापासून_मोजा

वकील पुढचे. आधी दुसऱ्याच्या ताटातलं उचललं का ते बघा.

वर गोचा विषय निघाला, पण त्यातली महत्त्वाची गोष्ट सुटली. फ्रान्सिस मॅकेब यांची 'गो!' नावाची भाषा, उद्गारचिन्हासकट, गूगलच्या आधीपासून होती. त्यावर त्यांचं पुस्तकही प्रसिद्ध झालं होतं. गूगलची घोषणा झाल्याबरोबर त्यांनी गोच्या ऑनलाइन तक्रारींच्या नोंदवहीत तक्रार टाकली, ती नववी. पाठिंब्याला शेकडो लोक धावले. जवळपास वर्षभराने तक्रार बंद झाली. गो नावाच्या बऱ्याच गोष्टी संगणकाच्या जगात आहेत, या काळात फारसा गोंधळ झालेला नाही, असं कारण दिलं गेलं. शेरा होता 'दुर्दैवी'.

याउलट लॅरी वॉल. त्यांना भाषेचं नाव 'मोती' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून ठेवायचं होतं. त्याच नावाची भाषा आधीच आहे हे कळल्यावर त्यांनी स्पेलिंगमधला 'ए' काढला आणि १९८७ मध्ये पर्ल बाहेर आली. ॲपलनेही निदान शिष्टाचार पाळला. समांतर संगणनासाठीची एक स्विफ्ट आधीपासून होती, तर ॲपलने आपल्या पानावर तिचा दुवा दिला.

जुना_टर्मिनल

मग शेवटी काय झालं? गो चालतेय. दुसरी गो आज किती जणांना आठवते? माझ्याच मुद्द्याला बळ दिलंत, धन्यवाद.

शून्यापासून_मोजा

उलट अर्धविराम यांच्या मुद्द्याला बळ दिलं. समजा ते फ्लो नाव ठेवतात आणि तीन वर्षांनी एखादी बडी कंपनी फ्लो नावाची भाषा आणते. कंपनीला मुद्दाम काही करायचं नव्हतं, छान शब्द दिसला आणि घेतला. चौघांनी काय करायचं? तक्रार नोंदवायची. घडवलेला, कुठेच नसलेला शब्द असा चुकून कुणी उचलत नाही. रोजच्या शब्दावर मात्र दहा जणांचा डोळा असतो. लहान प्रकल्पाने तरी त्या वाटेला जाऊ नये.

अर्धविराम

हा मुद्दा मला सुचला नव्हता. गटात जसाच्या तसा चिकटवतोय.

कंसातला_पाहुणा

तुम्ही शब्दकोश आणि मनाने घडवलेला शब्द एवढेच दोन पर्याय का धरताय? विशेषनामं आहेत की. ब्लेझ पास्कल यांच्यावरून पास्कल. एडा लव्हलेस यांच्यावरून एडा, आणि त्या भाषेच्या लष्करी प्रमाणाला क्रमांकही १८१५ दिला, त्यांचं जन्मवर्ष.

हॅस्केलचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. समितीने फळ्यावर नावं लिहिली, ज्याला जे नको ते त्याने खोडायचं. उरलं 'करी', तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांच्यावरून. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की यावर फारच पाचकळ विनोद होतील, म्हणून आडनावाऐवजी पहिलं नाव घेतलं. करी तोवर वारले होते. समितीतले दोघं त्यांच्या पत्नी व्हर्जिनिया यांची परवानगी घ्यायला गेले. त्यांनी छान स्वागत केलं, आणि पाहुणे निघताना सांगितलं की हॅस्केलना स्वतःला ते नाव कधीच आवडलं नव्हतं!

माणसं नको असतील तर नकाशा उघडा. कॉटलिन हे सेंट पीटर्सबर्गजवळचं बेट. जेटब्रेन्स या कंपनीने २०११ मध्ये आपल्या भाषेला ते नाव दिलं. बेटाकडून तक्रार आल्याचं ऐकिवात नाही. शोधलं तर भाषाच सापडते, उच्चार सोपा, मागे थोडी गोष्टही.

गळकी_मेमरी

कॉटलिन ठीक. माणसांच्या नावांत मात्र गल्लत होतेच. पास्कल हे दाबाचं एकक आहे, एडा हे कार्डानोच्या क्रिप्टो नाण्याचं नाव.

तिसरा_बिंदू

एपीएल म्हणजे 'अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज'. इतकं सरळ नाव ठेवा आणि कामाला लागा.

नल_पॉइंटर

घडवलेल्या शब्दांचं इतकं कौतुक चाललंय म्हणून थोडं विरजण घालतो. (फ्लोलाही माझा पाठिंबा नाही, पण कारण वेगळं आहे.)

घडवलेला शब्द कानाला कसा लागेल हे घडवणाऱ्याला त्याच्या भाषेपुरतंच कळतं. 'कॉक' हे प्रमेयं सिद्ध करायचं फ्रेंच साधन. फ्रेंचमध्ये अर्थ कोंबडा, शिवाय त्यात थिएरी कोकाँ यांच्या आडनावाची सुरुवात, सगळं चपखल. इंग्रजीत तोच उच्चार इतका ओशाळवाणा की ज्या विद्यार्थिनी यावर काम करत त्यांना आपण काय करतो हे सांगणंही नकोसं व्हायचं. वर्षानुवर्षं चर्चा झाली, २०२३ मध्ये नाव बदलायचं ठरलं, आणि २०२५ मध्ये 'रॉक' या नावाने नववी आवृत्ती आली. दरम्यान किती पॅकेजेस, किती शोधनिबंध आणि किती कमांड जुन्या नावाने पडून राहिल्या, त्याची कल्पना करा.

पर्ल ६ चंही तेच. २००० साली घोषणा, २०१९ मध्ये 'राकू' हे नाव. मधली वर्षं लोक पर्ल ५ आता मेली असं समजत राहिले, कारण सहा आला की पाच जुना. तिथे घोटाळा शब्दाचा नव्हता, शेपटीच्या आकड्याचा होता. अर्धविराम यांच्या निकषावर 'पर्ल ६' उत्तीर्ण झालं असतं. शोधायला सोपं, कुणाशी गल्लत नाही. तरी अपाय झालाच.

म्हणून माझा क्रम उलटा: नाव फोनवर एकदा सांगितलं तर समोरच्याला लिहिता आलं पाहिजे. हे आधी. शोधणं त्यानंतर.

अर्धविराम

फोनची अट आवडली, घेतो. मग 'फ्लो' फोनवर उत्तीर्ण आणि शोधण्यात नापास. आमच्यातल्या एकाने स्वर गाळून केलेलं एक नाव सुचवलं होतं, ते शोधण्यात उत्तीर्ण आणि फोनवर नापास. दोन्ही लागतात, पण आधी-नंतर लावण्यात मला अर्थ दिसत नाही.

आता चिन्हांबद्दल कुणी बोलायच्या आत मीच बोलतो, कारण आमच्याकडे तोही प्रस्ताव आहे. सी++ मधलं अधिकचं चिन्ह वेबपत्त्याच्या शोधभागात गेलं की त्याची रिकामी जागा होते. सी# मधल्या चिन्हाचं त्याहून वाईट, तिथून पुढचा भाग सर्व्हरकडे जातच नाही. शेवटी फोल्डरचं नाव, टॅग, पत्ता सगळीकडे 'सीशार्प' असं अक्षरात लिहावं लागतं. म्हणजे पुन्हा गोलँगच.

नल_पॉइंटर

फाइलचं एक्स्टेन्शनही बघून ठेवा, त्याकडे कुणी लक्ष देत नाही. 'पीएल' पर्लचंही आणि प्रोलॉगचंही. 'एम' मॅटलॅबचं आणि ऑब्जेक्टिव्ह-सीचं. 'व्ही' व्हेरिलॉग, कॉक आणि व्ही नावाची भाषा या तिघांचं. गिटहबला (कोड ठेवायच्या संकेतस्थळाला) फाइलच्या आत डोकावून भाषा ओळखावी लागते, आणि कधीकधी तो भलतंच सांगतो. एका अक्षराच्या एक्स्टेन्शनचा मोह टाळा.

जुना_टर्मिनल

इतका अभ्यास सीच्या वेळी झाला असता तर युनिक्स (सीमध्ये लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम) अजून आला नसता.

गंमत सोडा. माझं मत तेच. तुम्ही सगळ्यांनी दिलेली प्रत्येक बिघडलेली गोष्ट बघा: जावास्क्रिप्ट, गो, सी#, रस्ट. नाव वाईट आणि भाषा जोरात. नावामुळे मेलेली एक भाषा कुणी दाखवली? एक?

शून्यापासून_मोजा

नावामुळे मेलेली भाषा दाखवायची तर तिचं नाव आठवायला हवं ना!

जुना_टर्मिनल

हे उत्तर नाही, पळवाट आहे. (चांगली आहे.)

ते जाऊ द्या. अर्धविराम, तुमच्या चौघांचं ठरलं का? नाव तरी सांगा, सगळ्या कसोट्या इथेच लावू.

अर्धविराम

फ्लो बाद झालं, तीन विरुद्ध एकचं दोन-दोन झालं आणि रजेवरच्याने फोनवरून मत बदललं. दोन नावं उरलीत. एक नकाशातलं, एक घडवलेलं. इथे सांगणार नाही, पॅकेज रजिस्ट्रीवर (कोडची पॅकेजेस नावाने नोंदवायची जागा) अजून एकही नोंदवलेलं नाही.

जुना_टर्मिनल

नोंदवायला पाच मिनिटं लागतात. ते आधी करा, मग वाद घाला.